वस्तऱ्यावर ढकललं

९ मार्च २००९

आज रिपोर्ट आला. एचआयव्ही पॉझिटिव्ह. पेंटरचा परवा आला होता, तोही तसाच. त्यानेच मला ओढत नेलं, नाहीतर मी कशाला जातो.

खोलीत एक समुपदेशक बाई होत्या. पेन उघडून त्यांनी विचारलं, "संबंध कुणाशी होते?" मी म्हणालो, "बायकांशी. धंदा करणाऱ्या." हे माझ्या तोंडून इतकं अलगद निघालं की माझं मलाच नवल वाटलं. बाहेर बाकावर पेंटर बसला होता, दाराच्या फटीतून त्याची रंगाने बरबटलेली चप्पल दिसत होती, आणि मी आत बायकांची यादी सांगत होतो. बाईंनी लिहून घेतलं. मला चक्क हायसं वाटलं. बाहेरख्याली माणूस म्हणून नोंद झाली, त्यापलीकडचं काही झालं नाही.

पेंटरचा काउंट, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा, खाली गेलाय, त्याला गोळ्या लगेच सुरू. माझा चांगला आहे म्हणाल्या. "तुम्हाला आत्ता गोळ्यांची गरज नाही. पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यायचं, चुकवायचं नाही." गरज नाही एवढंच मी डोक्यात घेऊन बाहेर आलो.

रस्त्यात पेंटर म्हणाला, "कुणी कुणाला दिलं ते आता उकरू नको."

"मी कुठे उकरतोय?"

पण उकरत होतोच. मागच्या पावसाळ्यात मला आठवडाभर ताप होता, घसा धरला होता, छातीवर लाल पुरळ आलं होतं. आईने गार पाण्यावर खापर फोडलं होतं. त्याच्या आधी की नंतर, पेंटर कामासाठी परगावी राहिला होता? घरी येईपर्यंत मी तेच मोजत होतो.

१६ मार्च

दुकानात सगळं पूर्वीसारखं. दादा पुढे काउंटरवर, मी मागच्या खोलीत लेन्स घासायच्या मशीनवर. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाला दादाच दिसतो, मी फक्त ऐकू येतो. हे मला आधीही बरं वाटायचं, आता तर फारच.

माझा पाण्याचा पेला मी वेगळा काढला. असं काही लागत नाही हे त्या बाईंनी तीनदा सांगितलं, तरी काढला. आई वहिनीला म्हणाली, "याला आता आमचं उष्टं चालत नाही. साहेब झालाय." दोघी हसल्या. मीही हसलो.

३ जून

पेंटरशी संबंध तोडला. तोडला म्हणजे त्याच्या खोलीवर जाऊन वाटेल ते बोललो. तो एका दवाखान्याची पाटी रंगवत बसला होता, गुडघ्यावर बसून, जीभ दातात धरून, शाळकरी मुलासारखा. गोळ्यांनी त्याला मळमळतं, पण घेतो. ब्रशच्या डब्याशेजारी गोळ्यांचा डबा उघडाच ठेवलेला. मी म्हणालो, "झाकून तरी ठेव." तो म्हणाला, "कुणापासून? इथे तू आणि टर्पेंटाइन."

मग म्हणाला, सप्टेंबरात तुझी तपासणी, आपण दोघं जाऊ. माझं डोकं फिरलं. म्हणालो, तुझं तोंड बघितलं की मला तो रिपोर्ट दिसतो. त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये घालायच्या ऐवजी पिवळ्या रंगात घातला आणि बघत राहिला. एवढी वर्षं ज्याच्याकडे सगळं सोडून धावत जायचो, त्याला हे बोललो. जिना उतरताना वाटलं, हाक मारेल. नाही मारली.

२१ सप्टेंबर

तपासणीला गेलो होतो. रांगेत आमचं एक गिऱ्हाईक उभं होतं. गेल्याच महिन्यात त्याचा वाचायचा चष्मा मी केला. मी त्याला ओळखलं म्हणजे त्याने मला ओळखलंच असणार. तसाच माघारी फिरलो. फ्रेम आणायला म्हणून निघालो होतो; दादाला सांगितलं, फ्रेमवाला भेटला नाही. आता उद्या हा माणूस दुकानात येऊन दादाला काय सांगेल, या धास्तीने हातातली लेन्स निसटली.

४ ऑक्टोबर

तो माणूस आला होता. मी मागून कान देऊन ऐकत होतो. दांडी सैल झाली होती तेवढी घट्ट करून घेतली आणि निघून गेला. मागच्या खोलीकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. वाचलो.

२ फेब्रुवारी २०११

या वहीत बरेच दिवसांनी. लिहिण्यासारखं काही नव्हतं. तब्येत ठणठणीत. काल दादा दोन जिने चढून धापा टाकत होता, मी त्याच्या आधी वर. मनात येतं, त्यांच्या मशीनचीच काही गफलत झाली असेल. माझ्या मशीनची होते की. नंबर एकाचा, लेन्स दुसऱ्याला. आजारी माणूस असा असतो का?

आईने पुन्हा स्थळाचं काढलं. मुलगी शिक्षिका आहे, स्वभावाने गरीब आहे, वगैरे. मी काही बोलायच्या आधीच दादा म्हणाला, "आई, जाऊ दे ना. नको त्याच्या मागे लागू." आई म्हणाली, तूच असं म्हणतोस, मोठा भाऊ असून! दादा पेपर वाचत राहिला.

दर वेळी हाच मोडता घालतो. मी मूर्ख नाही. माझं लग्न झालं की दुकानाची वाटणी आली, म्हणून हा सगळा मोठेपणा. मला लग्न करायचं नाही हे माझं नशीब, नाहीतर सख्ख्या भावाने असं करावं?

१८ ऑगस्ट २०१२

सलूनमध्ये दाढी करताना सलूनवाल्याचा हात मानेपाशी थांबला. सलून आमच्या समोरच, रस्ता ओलांडला की दार. वीस वर्षं त्याच्याकडेच जातो. शाळेत असताना माझी पहिली मिशी त्यानेच काढली आणि आईला सांगणार नाही म्हणाला. मला अजून "धाकटे मालक" म्हणतो.

"धाकटे मालक, इथे गाठी आहेत. दोन्ही बाजूंना. मागच्या महिन्यात पण होत्या, मी बोललो नाही. दाखवून घ्या."

"दाताचं काहीतरी असेल."

"असेल. दाखवा तरी."

आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता, काळजीचा. मला त्याचा राग आला. माझ्या मानेकडे एवढं बघायला याला कुणी सांगितलं होतं?

६ मे २०१३

नागीण झाली. उजव्या बरगडीवरून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा, सदरा लागला तरी जीव जातो. कोपऱ्यावरचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, ही आमच्या वयात होते, तुला कशी झाली? फार ताण घेतोस. मी म्हणालो, हो, ताण घेतो. त्यांनी आणखी काही विचारू नये म्हणून लगेच उठलो.

वहिनीने मलम लावायला घेतलं, उघड्या हाताने. मी केवढ्याने ओरडलो तिच्यावर! तिच्या हातातली ट्यूब खाली पडली. ती रडवेली होऊन म्हणाली, "भावजी, मी काय तुमचं वाईट केलं?" काय सांगू तिला. तिचे हात चांगले राहावेत म्हणून ओरडलो, हे सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागतं. तिला वाटलं असेल, मला तिची शिसारी येते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो.

२२ नोव्हेंबर २०१४

जीभ पांढरी. टाळूलाही दह्यासारखं काही चिकटलंय, खरवडलं की खाली लाल दिसतं. चहाला चव नाही, तिखट सोसत नाही. पोट महिनाभर बिघडलेलं. पट्ट्याला नवं भोक पाडलं. आई म्हणते, दुकानात बसून बसून भूक मेली तुझी. मी म्हणतो, हो.

आज चौकात पेंटर दिसला. शिडीवर चढून एका शोरूमचा बोर्ड रंगवत होता. पोट सुटलंय मेल्याचं. गाल वर आलेत. खाली उभ्या माणसाशी हसत हसत काहीतरी वाद घालत होता. मी खांबाआड उभा राहून बराच वेळ बघितलं. औषधं तो खातो, आजारी तो, आणि आमच्यात आजारी कोण दिसतं? मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. शिडीवरून पडावा असं एक क्षणभर वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, मी काय लायकीचा माणूस आहे ते मला पुढे आठवावं म्हणून.

११ जुलै २०१५

पेंटर दुकानात आला. त्याला आता जवळचं दिसत नाही, चष्मा हवा. दादाने मला हाक मारून पुढे बोलावलं, हे तो कधी करत नाही. "छोट्या, यांचा नंबर तू बघ." आणि स्वतः मागच्या खोलीत गेला. बिलाचं पुस्तक शोधत होता बहुतेक. ते काउंटरवरच होतं, पण त्याला कधी काही सापडत नाही.

पेंटर माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "घेतोयस ना?"

"घेतोय."

"कुठून? मला तिथे कधी दिसला नाहीस."

"दुसरीकडून."

"काउंट किती आहे?"

मला काउंट किती असतो हेही माहीत नव्हतं. म्हणालो, "चांगला आहे." मी नंबरचा तक्ता लावला, त्याला अक्षरं वाचायला लावली. तो वाचत होता आणि डोळे पुसत होता. म्हणून नंबर नीट निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ये म्हणालो. आला नाही.

१९ डिसेंबर

तीन लेन्स वाया घालवल्या. प्रत्येकीवर एक काळा ठिपका. घासली, धुतली, ठिपका तिथेच. दादा म्हणाला, आण बघू. उजेडाकडे धरून म्हणाला, "काही नाही रे यात." मी म्हणालो, माल हलका आहे, कंपनीला परत पाठव. मग भिंतीकडे बघितलं तर ठिपका भिंतीवर. जन्म चष्म्याच्या दुकानात काढलेला मी, याचा अर्थ मला कळतो. पण डोळा थकलाय म्हणून मी तो मिटून घेतला.

खोकला कोरडा आहे. जिन्यावर दोनदा बसावं लागतं.

३० जानेवारी २०१६

हॉस्पिटलमधून. नर्सकडून पेन घेतलं, कागद औषधाच्या पाकिटाचा आहे, घरी गेल्यावर वहीत चिकटवीन.

मी दुकानातच कोसळलो. न्युमोनिया निघाला, साधा नाही, दुसऱ्या जातीचा. नाकात ऑक्सिजनची नळी होती. रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी मला न विचारता दादाला बाहेर बोलावलं. काचेतून दादाची पाठ दिसत होती. डॉक्टर बोलत होते आणि त्याची पाठ तशीच ताठ.

आत आला. स्टूल ओढून बसला. मला म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, सात-आठ वर्षं तरी झाली असतील. काउंट एकोणीस आहे." तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "दाढी करताना वगैरे कधी कापलं होतं का?"

बुडत्याला कुणीतरी हात द्यावा तसं झालं. म्हणालो, "हो."

"समोरच्या सलूनमध्ये?"

"हो. तो ब्लेड बदलायचा नाही नेहमी."

बदलायचा. दर वेळी बदलायचा. मला दाखवून कागद फाडायचा.

दादाने पांघरूण माझ्या पायांवर नीट ओढलं. मग म्हणाला, "ठीक आहे. आईला मी तसं सांगतो." केवढा विश्वास माझ्यावर! मी तोंड फिरवलं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

२८ फेब्रुवारी

घरी. गोळ्या सुरू झाल्या. उजव्या डोळ्याचा एक कोपरा गेला तो गेला, डोळ्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन बाकीचा वाचवलाय. कारण तेच, आत काही लढायला उरलं नव्हतं. म्हणाले, पाच वर्षं आधी आला असतात तर यातलं काहीच झालं नसतं. दादा शेजारी उभा होता.

आई मला भरवते, माझ्याच पेल्यातून स्वतः पाणी पिते, मुद्दाम, मला दाखवून. आणि दिवसभर सलूनवाल्याला शिव्या घालते. त्याचे हात झडतील म्हणते. जी बाई कधी कुणाला अरे म्हणाली नाही.

दादाने तर कहर केला. वहिनी सांगत होती, भर रस्त्यात त्याची कॉलर धरली, सगळ्या दुकानदारांसमोर. "माझ्या भावाला मारलंस तू." लोकांनी सोडवलं. दादाचा आवाज मी आयुष्यात चढलेला ऐकला नाही. माझ्यासाठी त्याने हे केलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालंय, पण सांगू कसं? आता तर त्याचीही अब्रू यात गुंतली.

१४ मार्च

आज पहिल्यांदा दुकानात नेऊन बसवलं, पुढेच, काचेपाशी, हवा लागावी म्हणून. समोर सलून. तीन खुर्च्या, तिन्ही रिकाम्या. कारागीर सोडून गेलाय. सलूनवाला मधल्या खुर्चीत स्वतः बसून पेपर वाचत होता, पान उलटत नव्हता.

आरशाला एक कागद चिकटवलाय. दादाकडे आलेलं एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "बघितलं का? स्वतःची टेस्ट करून रिपोर्ट लावलाय, निगेटिव्ह म्हणून. याला झालाय की नाही कोण विचारतंय, वस्तऱ्याचं बोल म्हणावं." दादाही हसला. मी काउंटरवरची एक फ्रेम उचलून पुसायला घेतली.

संध्याकाळी सलूनवाला दारात आला, माझ्याकडे बघून हात वर केला. तब्येत कशी आहे, असा. मी मान खाली घातली. त्याला अजून माहीत नाही की नाव मी घेतलं. दादाचा गैरसमज झालाय असं त्याला वाटतंय.

२ एप्रिल

सलूनवर नवा बोर्ड लागतोय. 'प्रत्येक गिऱ्हाइकास नवीन ब्लेड. समोर उघडले जाईल.' शिडीवर पेंटर.

मला काचेमागे बघून तो खाली उतरला, ब्रश हातात तसाच, रस्ता ओलांडून आला. दादा काउंटर सोडून मागे निघून गेला. याला आताच मागे काय काम निघतं, देव जाणे.

पेंटर म्हणाला, "बरा आहेस?"

"आहे."

"गोळ्या घेतोयस? खरं सांग."

"आता खरंच घेतोय."

"छान. त्याने मला बोर्ड सांगितला तेव्हा मी विचारलं, एवढं कशाला लिहिताय? तर सगळं सांगितलं त्याने. रडत होता रे. म्हणाला, त्या पोराच्या मानेच्या गाठी मीच पहिल्यांदा बघितल्या, मी त्याचं वाईट करीन का." ब्रशचा रंग आमच्या फरशीवर ठिबकत होता. "मला लपवायला तू त्याला पुढे केलंस."

"हळू बोल."

"मी हळूच बोलतोय. इतकी वर्षं हळूच बोलतोय. तुला आजाराची लाज नाही वाटली कधी, माझी वाटली. ती वाटू दे. पण तो माणूस कोण लागतो आपला, की त्याने आपल्यासाठी उपाशी मरावं?"

मी म्हणालो, दादाला कळलं तर घराबाहेर काढील. पेंटर म्हणाला, "मग माझी खोली आहे. जिना तोच आहे." आणि शिडीवर जाऊन बोर्ड पुरा केला. अक्षरं नेहमीसारखी सुरेख.

३ एप्रिल

दादाला सांगितलं. दुकान उघडायच्या आधी, शटर अर्धं वर असताना. स्टुलावर बसून सांगितलं. "दादा, मला वस्तऱ्याने नाही झालं. पेंटर आणि मी..."

दादा फ्रेम पुसत होता. थांबला नाही. म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पेंटरचं. आपली पाटी रंगवायला आला होता तेव्हापासून. तू दिवसातून पाच वेळा त्याला पाणी न्यायचास. आयुष्यात मला एकदा दिलं होतंस का?"

म्हणालो, "मग तो वस्तरा..."

"मीच तर सुचवला. डॉक्टर बोलले तेव्हा लगेच डोक्यात आलं, लोक विचारतील, आई विचारेल. काहीतरी द्यायला हवं हातात. तू हो म्हणालास, मला बरं वाटलं." फ्रेम खाली ठेवली. "आणि एकदा म्हटल्यावर ते लोकांना पटायला हवं. गप्प बसलो असतो तर कुणी मानलं नसतं. म्हणून धरली कॉलर. घरी आरशासमोर दोनदा करून बघितलं होतं आधी."

म्हणजे तो राग नव्हता. आईच्या स्थळांना मोडता, पेंटर आला की मागे जाणं, सगळं मला झाकण्यासाठी. आणि मी त्याला दुकानाच्या वाटणीचा हावरा समजत होतो, याच वहीत लिहिलंय. वर्षानुवर्षं त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोघं मिळून एका तिसऱ्या माणसाचं वाटोळं केलं. एकदा त्याने सांगितलं असतं. एकदा मी सांगितलं असतं तर माझा डोळा तरी राहिला असता.

मी म्हणालो, "आता त्याचं काय करायचं?"

दादा म्हणाला, "चार दिवसांनी लोक विसरतील."

"नाही विसरणार."

"मग काय, रस्त्यात उभा राहून सांगणार आहेस?"

वर शटर ढकललं त्याने, मोठ्याने.

५ एप्रिल

सलूनमध्ये गेलो. रस्ता ओलांडताना उजवीकडची सायकल दिसलीच नाही, थोडक्यात वाचलो. सलूनवाला उठून उभा राहिला. "या, धाकटे मालक. बसा. दाढी करू?" खुर्चीवरचा टॉवेल झटकला. तो एवढ्या आनंदाने झटकला की मला उभं राहवेना.

बसूनच सांगितलं. तुमच्याकडून झालं नाही. नाव मी घेतलं. खोटं घेतलं. मला एका पुरुषाकडून झालं, तो माझा माणूस होता, तुमचा बोर्ड रंगवणारा. माझं ऐकून तो हळूहळू शेजारच्या खुर्चीत बसला. आरशात आम्ही दोघं, मध्ये त्याचा रिपोर्ट.

मग म्हणाला, "तुम्ही घेतलंत नाव? मोठ्या मालकांचा गैरसमज झाला असं मी बायकोला सांगत होतो."

"मी घेतलं. मला माफ करा."

"ते बघू पुढे." त्याने तीन खुर्च्यांकडे हात केला. "पण हे मला का सांगताय? मला माहीतच आहे मी काही केलं नाही. इथे दुसरं कोण आहे ऐकायला? तुमच्या दुकानात असतात माणसं. तिथे सांगा."

मी म्हणालो, मला जरा वेळ द्या.

तो म्हणाला, "मला कुणी दिला?" टॉवेलची घडी घालून परत जागेवर ठेवला. दाढी केली नाही.

१० एप्रिल

सांगितलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुकान भरलेलं असतं, तेव्हा. पाच-सहा गिऱ्हाइकं, शेजारचा घड्याळवाला, कोपऱ्यावरचे म्हातारे डॉक्टरही चष्मा न्यायला आलेले. आईला आणि वहिनीला आदल्या दिवशी घरी सांगितलं होतं. आईने दोन वेळा अन्न घेतलं नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "म्हणून मलम लावू दिलं नव्हतंत का?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

काउंटरवर हात टेकून बोललो. आवाज चिरका आला. "समोरच्या सलूनबद्दल मी खोटं सांगितलं होतं. त्याचा काही दोष नाही. मला हे पुरुषाबरोबर राहिल्याने झालं आणि सात वर्षं मी औषध घेतलं नाही, लाजेने." कुणीतरी मुलाला बाहेर नेलं. एक बाई तिच्या पर्सची चेन उघडझाप करत राहिली. घड्याळवाला दादाला म्हणाला, "अरे पण तू तर त्याची कॉलर धरली होतीस."

सगळे दादाकडे बघायला लागले. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने माझ्यावर ढकललं असतं तर चाललं असतं, मी तशी तयारी केली होती. तो म्हणाला, "हो. मला माहीत होतं, तरी धरली."

दोन गिऱ्हाइकं चष्मा न घेताच गेली. म्हातारे डॉक्टर मात्र थांबले. "मी त्या नागिणीच्या वेळीच विचारायला हवं होतं," म्हणाले, आणि खुर्चीत बसून राहिले.

१२ एप्रिल

दुकानात कुणी येत नाही. आज आमच्याही खुर्च्या रिकाम्या. घड्याळवाल्याने दाराशी थुंकून दाखवलं. पेंटरकडे राहायला जा असं दादा म्हणाला नाही, राहू नको असंही म्हणाला नाही. जाईन म्हणतो. आधी पेंटरने परत घेतलं पाहिजे.

दुपारी दादा उठला आणि रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेला. मी काचेतून बघत होतो. दादा खुर्चीत बसला. जाणारे-येणारे थांबून बघत होते.

परत आला तेव्हा गाल गुळगुळीत, तोंड मात्र रडल्यासारखं. मी पाणी दिलं. प्यायला नाही, पेला हातात धरून बसला.

"काही बोलला का तो?"

"नाही. ब्लेडचं पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. म्हटलं, राहू द्या, नका दाखवू. तर म्हणाला, बघा. तुम्ही बघायलाच पाहिजे. बघितल्याशिवाय त्याने कागद फाडला नाही."

"मग?"

"मग काय. बघितलं," दादा म्हणाला. "गळ्यावर वस्तरा होता त्याचा, छोट्या, आणि हात इतका हलका. डोळे कुठे ठेवू ते मला कळेना."